सोन्याची गाडी गंधकाची, शिशाची मिठाची

नांदेडला भूशास्त्राच्या एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न असा: "आमची सहल कर्नाटकातल्या हट्टीच्या सोन्याच्या खाणीला गेली होती. तिथून मिळालेल्या गारेच्या एका तुकड्यात गॅलेना, म्हणजे शिशाचं खनिज, आहे. सोनं डोळ्याला दिसत नाही, पण ही शीर सोन्याचीच आहे असं सांगितलं. गॅलेनातल्या शिशाच्या आयसोटोपवरून सोनं कुठून आलं ते ठरवता येईल का? दुसरं, देगलूरला आमचं सराफी दुकान आहे. घरातल्या जुन्या पुतळ्यांचं (नाण्यासारख्या सोन्याच्या चकत्यांचं) सोनं कोणत्या खाणीचं, ते याच रीतीनं कळेल का, असं आजोबा विचारतात."

आजोबांचं उत्तर छोटं आहे: नाही कळणार. का नाही ते शेवटी सांगतो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मात्र "कळतं, पण तुम्हाला वाटतं ते नाही" असं आहे, आणि ते सांगायला जरा लांबण लागेल.

मुळात सोन्याबद्दल विचारायचं असताना शिशाच्या दारात का जायचं? कारण सोनं मुकं आहे. आयसोटोप म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वजनाने वेगळे अणू. निसर्गात सोन्याचा एकच स्थिर आयसोटोप आहे, १९७. कोलारचा अणू, हट्टीचा अणू आणि दक्षिण आफ्रिकेतला अणू शेजारी ठेवले तर कोणतंही यंत्र फरक सांगू शकत नाही. म्हणून सोबत्याला विचारायचं. शिसं बोलकं आहे, त्याचे चार आयसोटोप आहेत: २०४, २०६, २०७ आणि २०८.

मी वर्गात हे सावकाराच्या वहीवरून सांगायचो. २०४ म्हणजे मुद्दल. पृथ्वी झाली तेव्हा होतं तेवढंच आजही आहे, त्यात भर पडत नाही. बाकी तिघांवर व्याज चढत जातं. युरेनियम २३८ मोडून २०६ होतो, युरेनियम २३५ मोडून २०७, थोरियम २३२ मोडून २०८. अर्धायुष्यं अनुक्रमे साधारण ४४७ कोटी, ७० कोटी आणि १,४०० कोटी वर्षं. खातं उघडलं तेव्हाची शिल्लकही ठाऊक आहे. अमेरिकेत अ‍ॅरिझोनात पडलेल्या कॅन्यन डायब्लो उल्केत ट्रॉइलाइट नावाचं लोहाचं सल्फाइड आहे. त्यात युरेनियम जवळजवळ नाहीच, म्हणून तिथलं शिसं जन्मवेळचंच राहिलं. २०४ च्या एका अणूमागे २०६ चे ९.३०७ आणि २०७ चे १०.२९४. क्लेअर पॅटरसन यांनी १९५६ साली याच हिशोबातून पृथ्वीचं वय ४५५ कोटी वर्षं काढलं. आजच्या बऱ्याच तरुण खडकांत २०६ चा तोच आकडा १८-१९ च्या घरात गेलेला दिसतो.

गॅलेना म्हणजे बंद केलेलं खातं. वजनाने ८६ टक्क्यांहून अधिक शिसं, युरेनियम जवळपास शून्य. ज्या दिवशी तो दाणा घट्ट झाला त्या दिवशीची शिल्लक तशीच गोठून राहते. म्हणून आपण तुटून पडतो ते गॅलेनावर.

आता यातला खरा हुशार आकडा २०७ चा. युरेनियम २३५ लवकर संपतं. आज युरेनियमच्या १,००० अणूंत ते जेमतेम ७ भरतं. पृथ्वीच्या जन्मावेळी १०० त सुमारे २४ होतं, आणि अडीचशे कोटी वर्षांपूर्वी १०० त ५ ते ६. म्हणजे २०७ ची भरघोस कमाई फार पूर्वीच होऊन गेली. ज्या खडकाने अगदी लवकर, समजा ३०० कोटी वर्षांआधी, स्वतःकडे जादा युरेनियम ओढून घेतलं, त्याच्याच शिशात २०७ जास्त दिसतो. नंतर कितीही युरेनियम मिळालं तरी ती वेळ गेलेली असते. त्यामुळे २०६ च्या मानाने २०७ वर सरकलेला दिसला की जुन्या, वरच्या कवचाचा संशय घ्यायचा. खाली असला तर प्रावरणातून आलेल्या बेसॉल्टी खडकांचा. २०६ फारच कमी आणि त्या मानाने २०८ बरा असेल, तर खोलवर भाजून निघालेल्या आणि युरेनियम गमावलेल्या खालच्या कवचाचा. काळाबरोबर शिशाचे हे आकडे कसे वाढत गेले ते दाखवणारा, स्टेसी आणि क्रेमर्स यांनी १९७५ मध्ये दिलेला वक्र आपण सरासरीची रेघ म्हणून वापरतो आणि आपला बिंदू तिच्या वर की खाली ते बघतो.

कोलार हे याचं उत्तम उदाहरण. तिथला हिरव्या खडकांचा पट्टा नाइसच्या (उष्णतेने आणि दाबाने बदललेल्या पट्टेदार खडकाच्या) दोन वेगळ्या प्रदेशांच्या मध्ये अडकलेला आहे. पश्चिमेकडच्या नाइसमध्ये ३२० कोटी वर्षांहून जुन्या कवचाच्या खुणा मिळाल्या, पूर्वेकडच्यात त्या नाहीत. अशा ठिकाणी शिरेतल्या गॅलेनाचं शिसं कोणत्या बाजूकडे झुकतं, या प्रश्नाला काही अर्थ असतो, कारण निवडायला दोन ठळक पर्याय आहेत. जिथे आजूबाजूचे सगळे खडक एकाच वयाचे आणि एकाच जातीचे आहेत तिथे हीच पद्धत तुम्हाला नुसते आकडे देईल. नमुना काढण्याआधी नकाशा बघा तो यासाठी.

इथवर पुस्तकात असतं. आता ती गोष्ट, जी मला कळायला बरीच वर्षं गेली.

शिशाचा आयसोटोप शिशाची कहाणी सांगतो. ती सोन्याची आहे हे आपण धरून चालतो, आणि बहुतेक वेळा तपासल्याशिवाय. हट्टी-कोलारसारख्या साठ्यांत सोनं आणणारं पाणी कसं होतं ते क्वार्ट्झमध्ये, म्हणजे गारेत, अडकलेल्या सूक्ष्म थेंबांवरून कळतं: गरम, कर्बवायू मिसळलेलं आणि मिठाला कमी. अशा पाण्यात सोनं विरघळतं ते गंधकाच्या जोडीने, बायसल्फाइडच्या रूपात. शिशाला मात्र वाहून न्यायला क्लोराइड लागतं, म्हणजे मीठ. सोन्याची गाडी गंधकाची, शिशाची गाडी मिठाची. मीठ कमी असलेलं पाणी खोलवरून सोनं आणू शकतं, पण शिसं फार घेऊन येत नाही. वाटेत, बहुधा शिरेच्या अगदी जवळच्या खडकातून, जे सुटेल तेवढं ते उचलतं.

त्यात प्रमाण बघा. कवचात सोनं अब्जात एक-दीड भाग असतं, आणि शिसं दशलक्षात दहा-पंधरा भाग. म्हणजे शिसं जवळपास दहा हजार पट. पाणी दहा-वीस किलोमीटर वर चढत आलं, तर प्रत्येक टप्प्यावर शिशाची अदलाबदल होणार. शेवटच्या स्टॉपवर चढलेला प्रवासी तुम्हाला भेटतो आणि तुम्ही त्याला विचारता, गाडी कुठून सुटली?

म्हणून माझं मत स्पष्ट सांगतो. शिशाचा आयसोटोप सोन्याचा उगम सांगतो, असं शीर्षक असलेला निबंध दिसला की मी आधी सूक्ष्मदर्शकाखालचे फोटो शोधतो. ते नसतील तर पुढचे आकडे कितीही सुबक असोत, मी ते शिरेच्या भिंतीबद्दलचे आकडे म्हणून वाचतो. त्यालाही किंमत आहेच. पाणी कोणत्या खडकांतून फिरलं हे कळणं लहान गोष्ट नाही. फक्त त्याला उगम म्हणू नये.

तेव्हा तुमच्या तुकड्याचं काय करायचं? यंत्राचं नाव काढू नका. तुकडा कापा, घासून आरशासारखा करा आणि परावर्तित प्रकाशात बसा. हट्टीला सोन्यासोबत आर्सेनोपायराइट, पिऱ्होटाइट, पायराइट, थोडं शीलाइट असं बरंच काही येतं आणि ते सगळं एका दमात आलेलं नसतं. सोनं पिवळंधमक, पायराइटच्या पिवळ्यापेक्षा इतकं जास्त उजळ की एकदा पाहिलं की विसरत नाही. गॅलेना पांढरा, आणि घासताना त्याचे घनाकार कोपरे निसटून त्रिकोणी खड्डे पडतात, ती त्याची सही. आता बघायचं ते एवढंच: दोघं एकमेकांना चिकटून, एकाच भेगेत, एकमेकांच्या कडा सांभाळून बसलेत का? की सोनं आर्सेनोपायराइटच्या पोटात आहे आणि गॅलेना नंतरच्या एका केसाएवढ्या भेगेत? दुसरा प्रकार असेल तर तो गॅलेना कोट्यवधी वर्षांनी आलेला पाहुणाही असू शकतो. त्याचं शिसं मोजून सोन्याबद्दल बोलायचं नाही.

गॅलेना सोन्याबरोबरचा नाही असं दिसलं तर काय उरतं? आर्सेनोपायराइट आणि पायराइटमध्येही थोडं शिसं असतं. अडचण ही की त्यांच्यात युरेनियमही थोडं असतं, म्हणजे खातं बंद झालेलं नसतं. अशा वेळी दाणा आम्लात टप्प्याटप्प्याने विरघळवतात. आधीच्या टप्प्यांत सुटं, नंतर जमलेलं शिसं निघतं, आणि सगळ्या टप्प्यांची मिळून एक रेघ आली तर वयही मिळू शकतं. तुलनेसाठी शेजारच्या ग्रॅनाइटमधला पोटॅश फेल्डस्पार घ्यायचा. त्यात शिसं बरं असतं आणि युरेनियम नगण्य, म्हणून तो ग्रॅनाइटच्या जन्मवेळचं शिसं सांभाळून ठेवतो. मात्र त्याला सौम्य हायड्रोफ्लोरिक आम्लाने धुऊन घ्यावं लागतं. हे आम्ल हाडापर्यंत जातं. एकट्याने कधीही हाताळू नका.

गॅलेनाचं काम त्या मानाने सोपं आहे. अर्ध्या मिलिमीटरचा कण पुरून उरतो. गरम हायड्रोक्लोरिक आम्लात टाकला की कुजक्या अंड्याचा वास येतो, कण विरघळतो, आणि भांडं निवलं की तळाशी लेड क्लोराइडच्या पांढऱ्या सुया उभ्या राहतात. ते बघायला मला आजही आवडतं. मग सौम्य हायड्रोब्रोमिक आम्लात राळेच्या स्तंभावर शिसं अडकवायचं, बाकी धुऊन काढायचं आणि शेवटी तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाने सोडवून घ्यायचं. जुन्या पद्धतीत ते सिलिका जेल आणि फॉस्फोरिक आम्लाच्या थेंबात मिसळून रेनियमच्या तारेवर चढवतात आणि तार १,२०० अंशांच्या आसपास तापवतात.

इथेच माझी पहिली फजिती झाली. एका पट्ट्यातले नऊ गॅलेना मोजले, आलेखावर नऊ बिंदू एका सरळ रेघेत आले. मी हरखलो. दोन उगमांचं शिसं मिसळलंय, सोनं दोन ठिकाणांहून आलंय, असं एका परिषदेत छाती पुढे काढून सांगितलं. मागच्या रांगेतून एक वयस्कर गृहस्थ उठले आणि एवढंच म्हणाले, "रेघेचा उतार काढलात का?" काढला नव्हता. रात्री खोलीवर बसून काढला, एकाच्या जवळ आला. अडीचशे कोटी वर्षांच्या खऱ्या आयसोक्रोनचा, म्हणजे वय सांगणाऱ्या रेघेचा, उतार ०.१६ च्या आसपास असतो. माझी रेघ भूशास्त्राची नव्हतीच, मोजण्याच्या चुकीची होती. २०४ सगळ्यात थोडा, शिशाच्या १०० अणूंत दीडही नाही. त्याची मोजणी हलली की त्याच्यावर भागलेले सगळे आकडे एकत्र वरखाली होतात आणि बिंदू आरंभबिंदूकडे तोंड करून छान रांगेत उभे राहतात. तार तापताना हलके अणू आधी उडतात, त्याचीही रेघ अशीच चढी असते. तेव्हापासून एनबीएस ९८१ हे प्रमाण शिसं प्रत्येक फेरीत मोजायचं आणि त्याचा २०६ चा आकडा १६.९४ ला टेकल्याशिवाय स्वतःच्या नमुन्याकडे बघायचं नाही, हा नियम केला.

आता बहुतेक ठिकाणी प्लाझ्मा वापरणारी यंत्रं आहेत. त्यांत थॅलियम मिसळून हा कल दुरुस्त करतात. तिथली भानगड वेगळी: पाऱ्याचाही एक आयसोटोप २०४ आहे, आणि तो आर्गॉन वायूतूनसुद्धा येतो. म्हणून शेजारी २०२ वरचा पारा सतत बघत राहावं लागतं. खाणीच्या गिरणीतून आलेलं, कधीकाळी पाऱ्याने धरलेलं सोनं या कामाला घेऊ नये ते यामुळेही.

नमुना घाण होण्याबद्दल एवढंच: सामाईक लोखंडी खलबत्त्यात काहीही कुटू नका. तुमच्याआधी कुणी त्यात गॅलेना कुटला असेल तर तुमच्या पायराइटचं शिसं त्याचंच येणार. आणि रस्त्याकडेची माती जपून वापरा. आपल्याकडे शिसंयुक्त पेट्रोल २००० साली बंद झालं, पण तोवर पडलेलं शिसं मातीत आहेच.

नांदेडला बसून हे शिकता येईल का? येईल, आणि इतर मराठवाड्यापेक्षा तुम्हाला सोपं आहे. आमच्याकडे जिकडे खणावं तिकडे दख्खनचा बेसॉल्ट, ६.६ कोटी वर्षांचं पोर, त्यात सोन्याचं नाव नाही. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला जे खोल छिद्र घेतलं त्यात सुमारे ३३८ मीटर बेसॉल्ट ओलांडल्यावर खालचा प्राचीन पाया लागला. धारवाड या नावाने ओळखला जाणारा तो पाया तुमच्याकडे, देगलूर-बिलोलीच्या बाजूला, उघड्यावर आहे. तिथल्या ग्रॅनाइटमधून फेल्डस्पारचे दाणे वेचण्याचा सराव करा. मोजणीसाठी हैदराबादची एनजीआरआय (राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था) तुम्हाला जवळची. फक्त तिथे सोनं शोधायला जाऊ नका. मन्याड नदीच्या वाळूतून सोनं म्हणून माझ्याकडे आलेल्या पुड्यांत दर वेळी कुजून पिवळा पडलेला काळा अभ्रकच निघाला. सुई टोचली की पापुद्रा सुटतो. सोनं दबतं, सुटत नाही.

हट्टीला जाऊन आलात तर मस्कीही जवळच होतं. १९१५ मध्ये तिथला अशोकाचा शिलालेख सापडला तो सोन्याच्या खाणीचं काम करणाऱ्या बीडन नावाच्या अभियंत्याला. त्या लेखात "असोक" हे नाव आहे, त्यामुळे इतर शिलालेखांतला देवानांप्रिय राजा म्हणजे कोण हा वाद मिटला. ते रायचूर आणि आपला मराठवाडा १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होते. आमच्या लहानपणी घरातली म्हातारी माणसं हट्टीला परमुलूख म्हणत नसत.

आता आजोबा. त्यांना तुमच्यापेक्षा हे लवकर पटेल, कारण मूस त्यांच्या हातातली आहे. खाणीतल्या सोन्यात शिसं मुळात दशलक्षात काही भाग. जुन्या रीतीत हिणकस सोनं-चांदी शुद्ध करायला त्यात शिसं घालूनच आटवतात. हीण शिशाबरोबर निघून जातं, थोडं शिसं मागे राहतं. झालं, मूळचं शिसं त्या परक्या शिशात बुडालं. वर चांदीचा भेसळ-भाग, आणि चांदी तर पुष्कळदा शिशाच्या खनिजातूनच काढलेली असते. तांबं आणखी कुठलं तरी, जोडायला डाग लावला त्याचं वेगळंच. शिवाय पुतळी आटवून बोरमाळ, बोरमाळ मोडून पाटल्या, हे तीन पिढ्या चाललेलं. झारेकऱ्याने दुकानासमोरची माती धुऊन काढलेलं सोनंही त्याच मुशीत. रोमचा प्लिनी तक्रार करतो की भारत दरवर्षी साम्राज्यातले ५ कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून नेतो. त्या काळी तेर आणि पैठण या व्यापारात होते. त्यातलं काही सोनं आटून आटून आज कुणाच्या गळ्यात असेलही. पण तुमच्या पुतळीतलं शिसं मोजलं तर कळेल ते फार तर शेवटच्या आटणीतल्या चांदीचं गाव.

हीच पद्धत जिथे सरळ लागू पडते तिथे वापरली तर मजा येते. सातवाहनांची शिशाची नाणी घ्या. तिथे साक्षीदार शोधावा लागत नाही, वस्तूच शिशाची आहे. राजस्थानातल्या झावर, दरिबा, आगुचा इथल्या गॅलेनाचं खातं साधारण १७०-१८० कोटी वर्षांपूर्वी बंद झालेलं दिसतं, त्यामुळे ते इतर साठ्यांपासून वेगळं काढता येतं. दक्षिणेतल्या कांस्यमूर्तींवर शारदा श्रीनिवासन यांनी शिशाच्या आयसोटोपवरूनच मोलाचं काम केलं आहे. नाणी पुन्हा पुन्हा वितळवली जातात ही अडचण तिथेही आहे, पण निदान पहिला प्रश्न तरी नीट विचारता येतो.

तुमच्या तुकड्याचं पॉलिश झालं की परावर्तित प्रकाशातले दोन फोटो पाठवा, एक कमी वाढवलेला आणि एक गॅलेनाच्या कडेचा जवळून. पट्टीची खूण टाकायला विसरू नका. गॅलेना गारेतल्या भेगेत आहे की कशाला चिकटून, ते पाहून राळेचा खर्च करायचा का ते ठरवू.